दोनशे चौदा नंबरचं शीड

एकाच नंबरची दोन शिडं काठावर शेजारी शेजारी फडफडताना दिसली, तेव्हाच दैवशालानं ओळखलं, की आज आपल्या माहेरी, पडोळांच्या घरात काहीतरी टराटरा फाटणार आहे.

जुन्या जालन्यातून निघताना तिच्या मनात असलं काही नव्हतं. पिशवीत तिळाचे लाडू घेऊन, भोकरदनला बस बदलून, फाट्यापासून कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून ती धारखेडला पोचली होती. भुजंगाच्या नावानं थोडं रडावं, सगळ्यांसोबत चार घास खावेत आणि संध्याकाळच्या गाडीनं परतावं, एवढाच बेत. भुजंग तिचा पाठचा भाऊ. पोळ्याच्या आधी गेला. हंगाम संपवणारी शर्यत त्याच्यावाचून होण्याची ही पहिलीच वेळ होती.

ही शर्यत मुळात त्याचीच. नौदलातली नोकरी संपवून तो गावी परतला, तेव्हा सगळं धारखेड धरणाकडे पाठ करून बसलेलं असायचं. जुनं गाव, शेतं, विहिरी, सगळं त्या पाण्याखाली. म्हातारी माणसं पाण्याला शिव्या द्यायची आणि पोरं तिथं फक्त म्हशी धुवायची. भुजंगानं सुतार गाठला आणि होडी बांधायला घेतली. "पाण्यानं आपल्याला बुडवलं न्हाई का? मंग आता त्याच्या उरावर बसू," असं तो म्हणायचा. लोक हसले, दोन-तीन वर्षं हसतच राहिले, आणि मग एकेकानं गुपचूप सुताराचं दार ठोठावलं. तसं धारखेडचं शीड मंडळ उभं राहिलं.

मंडळाचे नियम दोनच, तेही भुजंगानंच घातलेले. पहिला, शिडावर नंबर घालायचा तो आपल्या बुडालेल्या शेताच्या गटाचा. दुसरा, होडीत दोन माणसं पाहिजेत. एक सुकाणू धरणारं, ते कुणीही चालेल. दुसरं मात्र असं हवं, की ज्याच्या पायाला त्या शेताची माती लागलेली आहे. म्हणून दरवर्षी माघात, पाणी ओसरायला लागलं की, धोतरावर आणि नऊवारीवर नारिंगी जॅकेटं चढवलेली म्हातारी माणसं होड्यांत बसून आपापल्या शेतांवरून जायची. शर्यत संपली की काठावर रोडग्यांचं जेवण. त्यानंतर होड्या पालथ्या पडायच्या त्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत.

पडोळांचा गट दोनशे चौदा. आणि आज दोनशे चौदाची शिडं दोन होती. एक भुजंगाच्या जुन्या होडीवर, दुसरं तिच्या थोरल्या भावाच्या, कचरूभाऊंच्या कोऱ्या करकरीत होडीवर.

"गोपीशेठ, हे काय करून ठेवलं?" दैवशालानं अध्यक्षांनाच गाठलं.

गोपीकिशन शेठ जालन्यातल्या मस्तगडचे कापडवाले. मंडळाची सगळी शिडं त्यांच्याच दुकानातून शिवून यायची, म्हणून अध्यक्षपदही त्यांच्याकडे चालत आलेलं. पोहता येत नसलेला हा एकच अध्यक्ष असेल. त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि टोपी परत घातली.

"दैवशालाबेन, कचरूभाऊ आले, बोलले दोनसो चौदा नंबरचं शीड पायजे. मी शिवून दिलं. मंग अर्पिता आली, बोलली बाबांचं शीड फाटलं, नवीन पायजे. तेबी शिवून दिलं. दोघं आपलेच. नाही कुणाला म्हणू?"

"म्हणजे भांडण शिवून दिलं तुम्ही."

"कापड मात्र एक नंबर लावलंय," शेठ म्हणाले आणि सरकले.

मंडपात कचरूभाऊ खुर्चीवर बसले होते. सत्तरीकडे झुकलेले, पण ताठ. शेजारी त्यांचा मुलगा कल्याण मान खाली घालून जॅकेटच्या पट्ट्यांशी खेळत होता. समोर अर्पिता उभी, भुजंगाची एकुलती पोरगी. आई लहानपणीच गेली, बाप आता. भोकरदनच्या शाळेत खेळ शिकवायची आणि सुट्टीत गावातल्या पोरांना होडी. दैवशालाला पाहून तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही.

"आत्या, तूच ऐक. मोठे बाबा म्हणून राह्यले, की नंबर कल्याणदादाचा. मी कोरं शीड लावायचं म्हणे. पाहुण्यासारखं."

"मंग काय चुकीचं बोललो?" कचरूभाऊ शांतपणे म्हणाले. "गट पोराकडं जातो. भुजंगला पोरगा असता तर मी तोंड उघडलं नसतं. तू उद्या लग्न होऊन जाशील. पडोळांचा नंबर घेऊन कुणाच्या घरी जाशील?"

"नंबर घेऊन कुठं जाता येत न्हाई, मोठे बाबा. तो पाण्याखाली हाये."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. कचरूभाऊंनी तिकडे एक नजर टाकली आणि हसू विझलं. रोडगे भाजायला बसलेल्या बायकांमधून उषाबाई, त्यांची बायको, एकदा वर बघून परत निखाऱ्याकडे वळली. तिनं या घरात बोलून काही मिळवल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"ऱ्हाऊ दे," कचरूभाऊ म्हणाले. "मला पोरीशी वाद घालायचा न्हाई. तुझ्या बापाचाच नेम सांगतो. होडीत दुसरं माणूस कोण हाये तुझ्या? त्या शेतात चाललेलं माणूस पाह्यजे. भुजंग गेला. उषा पाणी आल्यावर लग्न होऊन आली. पडोळांच्यात आता मी एकटाच उरलो, अन् मी कल्याणसोबत बसणार. मंग तू कशी जाशील, सांग."

त्यांनी सगळा हिशेब बरोबर मांडला होता.

"अन् मी, दादा?" दैवशाला म्हणाली.

कचरूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, चोरी पकडली गेल्याची लाजही नव्हती. होतं ते नुसतं गोंधळणं. त्यांनी लबाडी केली असती तर दैवशालाला एवढं लागलं नसतं. पण ते खरोखरच विसरले होते. घरातली माणसं एकेक करून मोजली आणि बहीण मोजायची राहून गेली.

"तू..." ते म्हणाले.

"तुम्ही अन् भुजंग शाळेत जायचे, तव्हा त्या शेतात कोण खुरपायचं? कापूस कोण वेचायचं? बाबाची भाकर रोज कोण न्यायचं? विहिरीत पोहायला मी तिथंच शिकले. माझ्या पायाला त्या शेताची माती तुमच्यापेक्षा जास्ती लागली, दादा."

"ते खरं हाये. पण तू सही करून दिल्ती."

झालं. चाळीस वर्षांत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. जमीन धरणात जायच्या आधी दोघं भाऊ तिला भोकरदनला घेऊन गेले होते, आणि तिनं हक्क सोडल्याची सही केली होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. उलट भुजंगानंच हसत हसत हिरवं लुगडं आणून तिच्या हातात ठेवलं होतं, आणि ते नेसून ती गावभर मिरवली होती. बहिणीनं हक्क सोडला की माहेर टिकतं, असं आई म्हणायची. दैवशालानं तो सौदा कधी मनातसुद्धा उलटा करून पाहिला नव्हता. आज पाहिला, आणि तिला राग आला. फार उशिरा आला, पण आला तो चांगला खणखणीत.

"जिमिनीवर केल्ती सही," ती म्हणाली. "पाण्यावर कुणी मागितली न्हाई. अर्पिता, मला ते जॅकेट दे."

"दैवशाला." कचरूभाऊ खुर्चीतून उठले. आवाज चढला नाही, तो चढवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. "त्या होडीत बसलीस तर पंचमीला येऊ नको. माझं दार तुला बंद."

जालन्यात दैवशालाचं भरलं घर होतं, सुना होत्या, नातवंडं होती. तरी नागपंचमी जवळ आली की तिचं लक्ष घरात लागायचं नाही. साठी उलटलेली बाई पिशवी भरून ठेवायची आणि सुनांनी चिडवलं की लाजायची. या एका गोष्टीसाठी तिनं जमीन दिली होती, आणि या एका गोष्टीवरच भावानं बोट ठेवलं. तिला वाटलं, मुकाट्यानं रोडगे भाजायला बसावं. क्षणभर खरंच वाटलं. मग अर्पितानं तिच्यापुढं जॅकेट धरलं.

दैवशालानं पदर खोचला आणि जॅकेटमध्ये हात घातले.

गोपीशेठ घाईनं मधे आले. "देखो भाई, शुभ दिवस आहे. दोन्ही होड्या सोडू. दोघांतली जी आधी काठाला लागेल, दोनसो चौदा तिचा. नियम तेच, काठाला लागताना दोन्ही माणसं होडीत पायजेत. कबूल?"

"कबूल," कचरूभाऊ म्हणाले. कल्याण चांगली होडी चालवायचा, होडी नवी होती, आणि समोर एक पोरगी आणि एक म्हातारी. त्यांना काळजी करायचं कारण दिसत नव्हतं.

शिट्टी झाली आणि सगळ्या होड्या एकदम सुटल्या. दुपारचा वारा निघाला होता. दैवशाला आजवर कधी यात बसली नव्हती. भुजंग दरवर्षी बोलवायचा आणि ती दरवर्षी 'पुढच्या वेळी' म्हणायची. आता होडी कलली की ती दोन्ही हातांनी काठ घट्ट धरायची.

"आत्या, वरच्या बाजूला सरक. अजून. मागं झुक."

"मागं पाणी हाये."

"पुढंबी पाणीच हाये. झुक."

ती झुकली. शिडात वारा भरला आणि होडी सरळ झाली. हे आपल्या वजनानं झालं, हे कळल्यावर तिला मजा वाटली. जन्मभर ज्या वजनावरून सुना बोलल्या, ते आज कामी आलं होतं.

पण कल्याणची होडी खरंच हलकी होती. पलीकडे पाण्यात तरंगत्या पिंपावर निशाण लावलं होतं, त्याला वळसा घालून परतायचं. कल्याणनं वळसा घातला तेव्हा त्या दोघी मागं होत्या, आणि बाकीच्या होड्यांतल्याही दोन पुढं निघाल्या होत्या. परतताना सगळ्या होड्या खोल पाण्यातून लांबच्या वाटेनं निघाल्या. एक कल्याणची तेवढी सरळ आडवी घुसली.

"हे कुठं चालले?" अर्पिता पुटपुटली. "तिकडं पाणी उतरलंय."

दैवशालानं पाहिलं. कचरूभाऊ हात लांब करून कल्याणला दिशा दाखवत होते. कुठून कुठं, ते तिच्याही ध्यानात आलं. आपल्याच शेतातून ते जवळची वाट काढत होते. पाण्यावर त्यांना शेत दिसत होतं, विहीर दिसत होती, गाडीवाट दिसत होती. फक्त शेताला बांधही होता, हे ते विसरले होते.

होडी अडकली ती तिथंच. पोटाखालची फळी बांधात रुतली. कल्याणनं ती वर ओढायची खटपट केली, ती निघेना. मग कचरूभाऊ धोतर सावरत खाली उतरले, पाणी गुडघ्याच्या वर येईना. त्यांनी होडीला खांदा दिला आणि असा जोर लावला की ती सुटली. सुटली आणि वाऱ्यानं धरली. कल्याण एकटा आत, शीड भरलेलं, आणि बघता बघता होडी लांब गेली. कचरूभाऊ धरणाच्या मधोमध उभे राहिले.

"आत्या, आबांना घ्या," कल्याण बापाकडे हात करत लांबून ओरडला. त्याला होडी वळवता येईना, आणि एकट्यानं काठ गाठून उपयोगही नव्हता.

अर्पितानं शीड सैल सोडलं आणि होडी हळूहळू बांधाजवळ आणली. "मोठे बाबा, या आत."

"तुझ्या होडीत मी बसत न्हाई."

"असं कसं? बुडाल तिथं."

"काहून बुडीन? मी माझ्या शेतात उभा हाये," कचरूभाऊ म्हणाले. चहूकडे पाणी, अंगात नारिंगी जॅकेट, आणि चेहरा असा की जणू तलाठी मोजणीला आलाय. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, हे दैवशालाला माहीत होतंच. पण आज तिच्या अंगातही त्याच बापाचं रक्त उसळत होतं.

तिनं होडीच्या काठावरून पाय टाकला आणि खाली उतरली.

"आत्या," अर्पिता घाबरली, "आत्या, काय करून राह्यली?"

गार पाणी गुडघ्यापर्यंत आलं आणि पायाच्या बोटांमधून मऊ चिखल वर आला. दैवशालाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिनं ते पुसलं नाही. हात कमरेवर ठेवून ती भावाच्या समोर उभी राहिली.

"मंग मीबी माझ्या शेतात उभी हाये," ती म्हणाली.

"तुझं काय हाये इथं?"

"तुमचं जेवढं हाये तेवढंच. सरकारनं दोघायचं नेलं. माझं आधी तुम्ही नेलं, एवढाच फरक."

दोन होड्या लांबून पुढं गेल्या. त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांनी माना वळवून वळवून पाहिलं. बांधावर उभं राहून भांडणारी भावंडं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती, पण तो बांध पाण्याखाली असताना कधी पाहिली नव्हती.

"मी तुमच्यावर कधी राग धरला न्हाई," दैवशाला म्हणाली. "सहीचा न्हाई, कशाचाच न्हाई. पण तुम्ही मला मोजलं न्हाई, दादा. घरातलं माणूस म्हणून मोजायला पाह्यजे होतं. आता या पोरीला बी मोजत न्हाई. मी गप बसले म्हणून तिनंबी बसावं, हे मी चालू देणार न्हाई. चला, बसा होडीत."

"न्हाई बसत."

"शेवटचं विचारते."

"न्हाई म्हणलं ना."

पलीकडून थर्माकोलच्या तराफ्यावर एक कोळी वल्हं मारत येताना दिसत होता. दैवशालानं त्याला हातानं इकडे खुणावलं, मग होडीचा काठ धरला. अर्पितानं तिला काखेत हात घालून वर ओढून घेतलं.

"मंग राखण करा तुमच्या शेताची," ती भावाला म्हणाली. "पाखरं लय झालीत." आणि अर्पिताकडे वळून, "चल, शीड ओढ."

त्या दोघी सगळ्यांच्या मागून काठाला लागल्या. शर्यत कुणी जिंकली तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सगळा काठ धावत आला तो शेवटच्या होडीकडे. गोपीशेठनी वाकून होडीत पाहिलं. माणसं दोन. तिकडे कल्याण आधीच येऊन पोचला होता, पण एकटा. आणि त्यांनी दोन्ही बाजूंना चोरटी नजर टाकून आयुष्यात पहिल्यांदा एकाच दगडावर पाय ठेवला.

"दोनसो चौदा, अर्पिताबेटी."

कल्याणनंच आधी टाळी वाजवली. मग पुढं होऊन अर्पिताच्या हातातला दोर घेतला आणि तिची होडी काठावर ओढायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव होता. नंबर त्याला कधी नकोच होता, वडलांना नाही म्हणायची हिंमत तेवढी नव्हती.

कचरूभाऊ थर्माकोलवर बसून आले. धोतर गळत होतं. कुणी हसलं नाही, हसायची प्राज्ञा नव्हती. ते कुणाशी न बोलता पंगतीच्या पार टोकाला जाऊन बसले.

पंगतीत ताटं मांडली गेली. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. गोपीशेठनी अर्पिताला मधे बसवलं, तिच्या शेजारी दैवशालासाठी जागा ठेवली. दैवशालानं ती जागा पाहिली, आपलं ताट उचललं आणि टोकाला जाऊन भावाशेजारी मांडी घालून बसली.

"उठ इथून," कचरूभाऊ खालच्या आवाजात म्हणाले.

"न्हाई उठत."

"तुला सांगितलंय. माझं दार तुला बंद हाये."

"ऐकलं मी. पंचमीला येणार हाये. तुम्ही दार लावून घ्या, मी ओट्यावर बसते. भाकर घरून बांधून आणीन. अख्ख्या गावाला दिसू द्या, कचरू पडोळाची बहीण बाहेर बसली म्हणून. दुसऱ्या वर्षी परत येईन. तुम्ही थकाल दादा, मी थकायची न्हाई."

"दार उघडणारच न्हाई मी."

उषाबाई वाढत वाढत तिथवर आली होती. हातात वरणाचं भांडं. ती थांबली. चाळीस वर्षांच्या संसारात ती पंगतीत नवऱ्याशी बोलली नव्हती, त्यामुळे तिचा आवाज आजूबाजूच्यांना आधी ओळखूच आला नाही.

"दार तुम्ही कव्हा उघडलंय?" ती म्हणाली. "पाहुणा येवो, भिकारी येवो, तुम्ही आतून हाक मारता. उठून कडी मीच काढते."

कचरूभाऊंनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. तिनं नजर खाली घेतली नाही.

"पंचमीला बी मीच काढणार हाये," उषाबाई म्हणाली, आणि नवऱ्याचं ताट ओलांडून तिनं आधी नणंदेच्या ताटात वरण वाढलं.